सिली मिस्टेक आणि येडी आई

गणिताच्या पेपरात पोरगा बेरजेतला हातचा विसरला आणि दोन मार्क गेले, की परभणी जिल्ह्यातल्या वालूर-सेलूकडच्या घरांतही आता एकच निदान होतं: 'सिली मिस्टेक'. म्हणजे चूक झाली खरी, पण पोराला येत नव्हतं असं मुळीच नाही! हा इंग्रजी शब्द मराठी घरात शिरला तो असा, चुकीवर पांघरूण घालायला. माणसाला सहसा कुणी सिली म्हणत नाही. माणसासाठी स्टुपिड आहे, मॅड आहे, आणि राग फारच अनावर झाला तर नॉन्सेन्स. आजीला मात्र यातलं काही लागत नाही. "काय येड्यावानी करायलास रे," एवढं म्हणून ती पोराला जवळ ओढते.

आजीच्या येड्यात आणि पोराच्या सिलीत एक मजेशीर नातं आहे. 'सिली' हा शब्द जन्माला आला तेव्हा त्याचा मूर्खपणाशी काही संबंध नव्हता. जुन्या इंग्रजीत त्याचा पूर्वज होता 'सेलिग', अर्थ सुखी, धन्य, देवाची कृपा असलेला. जर्मन भाषेत 'झेलिग' अजूनही त्याच मानाने वावरतो. इंग्रजीत मात्र या शब्दाची घसरगुंडी झाली. धन्य होता तो निष्पाप झाला, निष्पाप होता तो बापडा झाला, बापड्याचा दुबळा, दुबळ्याचा अडाणी, आणि सोळाव्या शतकाच्या सुमारास तो सरळ मूर्ख झाला. भोळ्या माणसाचं जगात जे होतं, तेच त्या शब्दाचं झालं म्हणायचं.

मराठीतल्या वेड्याने, म्हणजे मराठवाड्याच्या तोंडातल्या येड्याने, नेमकी उलटी वाट धरली. धाराशिव जिल्ह्यात कळंब तालुक्यातल्या येरमाळ्याच्या डोंगरावर येडेश्वरी आहे, भक्तांची येडाई. तिची कथा अशी सांगतात: सीतेच्या शोधात राम रानोमाळ हिंडत होता, तेव्हा त्याची परीक्षा पाहायला पार्वती सीतेचं रूप घेऊन समोर आली. रामाने ओळखलं. "तू येडी आहेस का, आई," असं काहीसं तो म्हणाला आणि तेच तिचं नाव पडलं. आता हा राग म्हणावा की लाड? भाविकांनी तो लाडच मानला. चैत्री यात्रेला लाखो माणसं तिथे जातात, रानातले चुनखडीचे खडे वेचतात, आणि साक्षात जगदंबेला येडी म्हणून हाक मारताना कुणाची जीभ अडखळत नाही. इंग्रजीने धन्याला मूर्ख केलं. इकडे येडीची देवी झाली.

सगळंच येड काही इतकं पवित्र नसतं. गावकुसाबाहेर, ओढ्याकाठी, पडक्या भिंतींवर माजणाऱ्या काटेरी झुडपाला इकडे येडी बाभळ म्हणतात. अमेरिका खंडातून एकोणिसाव्या शतकात भारतात आणलेलं हे झाड, पुस्तकी नाव प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. पाऊस नसला तरी वाढतं, तोडलं तरी फुटतं. त्याला शहाणं कोण म्हणणार? शिवाय सोंगाचं येड निराळंच. वेड पांघरून पेडगावला जाणारे लोक गावोगाव आहेत. खरं पेडगाव मात्र श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी, बहादूरगडाला बिलगून शांतपणे उभं आहे.

इंग्रजीतही 'सिली'ला थोडा मान शिल्लक आहे, पण तो क्रिकेटच्या मैदानावर. फलंदाजाच्या पुढ्यात, चेंडू अंगावर येईल इतक्या जवळ उभं राहणं हा शुद्ध वेडेपणा, म्हणून त्या जागांना सिली पॉइंट, सिली मिड-ऑन अशी नावं पडली. मुंबईच्या एकनाथ सोलकरांची जागा या मिड-ऑनच्या शेजारची, फॉरवर्ड शॉर्ट लेगची. नावात सिली नसलं तरी धोका तेवढाच. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा, हेल्मेट न घालता, बॅटच्या टोकाशी ओणवा राही. 1971 मध्ये ओव्हलवर वेंकटराघवनच्या चेंडूवर त्याने ॲलन नॉटचा झेल पुढे झेपावून टिपला. इंग्लंडचा डाव 101 धावांत आटोपला आणि भारताने इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कसोटी मालिका जिंकली. 27 कसोटींत सोलकरांच्या नावावर 53 झेल आहेत. या येडेपणाला मराठीत सरळ जोडशब्द मिळतो, क्रिकेटवेडा. आणि तो शिवीसारखा कुणी वापरत नाही. नाटकवेडा, गडवेडा, पुस्तकवेडा, सगळी त्याच घराण्यातली माणसं.

अलीकडे या घराण्यात बारववेडे, म्हणजे जुन्या पायऱ्यांच्या विहिरींचे वेडे, आले आहेत, आणि ते वालूरकरांना चांगले ठाऊक आहेत.

वालूरची बारव साधी नाही. आपल्याकडच्या बारवा बहुधा चौकोनी. एका बाजूने उतरायची वाट असेल तर नंदा, दोन बाजूंनी भद्रा, तीन बाजूंनी जया, चारही बाजूंनी विजया, अशी शास्त्रातली नावं. वालूरच्या कारागिराने हा हिशेबच बाजूला ठेवला. त्याच्या पायऱ्या गोलाकार वळत वळत पाण्याकडे उतरतात; काठावरून पाहिलं तर दगडाला भोवरा पडल्यासारखा वाटतो. असं काम हाती घेणारा तो बिनानावाचा पाथरवट त्याच्या काळी किती शहाणा ठरला असेल, याची शंकाच आहे.

पुढे नळ आले, बोअर आले, आणि कित्येक गावांत बारवांच्या कचराकुंड्या झाल्या. इथे रामदासांची आठवण होते. त्यांचं जन्मगाव जांब शेजारच्या जालना जिल्ह्यातलं. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास त्यांनी मूर्खलक्षणांना दिला आणि दहाव्यात पढतमूर्खाची वेगळी हजेरी घेतली. त्यांच्या लेखी स्वतःची स्तुती करणारा मूर्ख, आणि स्वतः हलाखीत राहून वाडवडिलांची कीर्ती सांगत बसणाराही मूर्ख. पूर्वजांच्या बारवेचा अभिमान मिरवायचा आणि तिच्यातच उष्ट्या पत्रावळ्या टाकायच्या, या आपल्या सवयीला यापेक्षा नेमका शब्द सापडणार नाही. इथे 'सिली मिस्टेक' म्हणून सुटका नाही.

वालूरचे लोक मूर्खांच्या या यादीतून बाहेर पडले ते घमेली-फावडी घेऊन. गावकऱ्यांनी बारवेतला कचरा आणि गाळ काढला. दगडांच्या ढिगासाठी भर उन्हात घाम गाळणाऱ्यांना पाहून काठावरचा एखादा "येडे झालेत का हे," म्हणालाच असणार. गावात काठावरून बोलणाऱ्यांची कमतरता कधीच नसते. 2022 मध्ये टपाल खात्याने महाराष्ट्रातल्या बारवांची चित्र-पोस्टकार्डं काढली. त्यांत वालूरची ही बारव आहे.

मनमाडहून परभणीकडे जाणाऱ्या रेल्वेने सेलूला उतरावं, तिथून वालूर गाठावं आणि बारव डोळे भरून पाहावी. फोटो खुशाल काढावेत. पाण्याची रिकामी बाटली मात्र सोबत परत न्यावी.