लहान जेट, मोठा जेट

मे महिना सुरू झाला, उन्हं तापली, आणि दुपारी कुठे मोटारसायकल फुरफुरली की मला २०१६ साली कोल्हापुरात घालवलेला एक दिवस आठवतो. नातेवाइकांपैकी काहींनी तो किस्सा तुकड्या-तुकड्यांत ऐकला आहे. आज सगळा लिहून काढतो.

तर सुरुवात मुलचेऱ्यापासून. मी इथे १९७६ साली मास्तर म्हणून आलो. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला, त्याआधी आम्ही चांद्याचेच. पुढे पैसे साठवून मी एक जुनी राजदूत घेतली. १७३ सीसी, टू-स्ट्रोक. नव्या पिढीला सांगायला हवं की टू-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागे. इंजिनाला वंगण मिळायचं ते त्या पेट्रोलबरोबरच. ऑइल जास्त झालं की धूर, कमी झालं की पिस्टन धरलंच म्हणून समजा.

हे मिसळायचं काम माझा एक विद्यार्थी हौसेने करायचा. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची गावं मुलचेऱ्याच्या आजूबाजूला वसली, त्यातल्या एका गावचा. घरी बंगाली, शाळेत मराठी. मला ‘मास्टरमोशाय’ म्हणायचा. कॅनमधलं पेट्रोल आणि बाटलीतलं ऑइल त्याच्या हाती दिलं की माप बरोबरच पडायचं.

१९८८ ची गोष्ट. राजदूत चढावर दम टाकायला लागली. मी कार्बोरेटर उघडला. त्यात जेट म्हणून पितळेचा छोटासा स्क्रू असतो, मधोमध भोक असलेला. त्या भोकातून जेवढं पेट्रोल जाईल तेवढंच हवेत मिसळणार. भोक कचऱ्याने बुजलं असेल म्हणून मी सायकलच्या ब्रेकची तार घेतली आणि आत घालून फिरवली. पोरगं शेजारी उभं होतं. म्हणालं, “मास्टरमोशाय, तार नका घालू, भोक मोठं होईल.” मी म्हटलं, “तू तुझं गणित बघ.”

भोक मोठं झालंच. त्यानंतर गाडी पेट्रोल प्यायला लागली आणि प्लग काढला की काजळीने काळा निघायचा. त्याच महिन्यात सातवीच्या परीक्षेत गुणोत्तर-प्रमाणाच्या गणितांत मी त्याला नापास केलं. इतके मजूर इतक्या दिवसांत भिंत बांधतात, तर तितके मजूर किती दिवसांत? त्याला मराठीतला प्रश्नच नीट वाचता येत नव्हता, हे आज समजतं. तेव्हा मी त्याच्या बापाला बोलावून सांगितलं, “याला कामाला लावा.” बापाने ऐकलं. मास्तरचा शब्द होता ना.

पोरगा गॅरेजात लागला. आधी आलापल्ली, मग चंद्रपूर, मग पुणे. मग बरीच वर्षं काही कळलं नाही. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये फोन. “सर, मी कोल्हापूरला हाये. रेसिंगच्या गाड्यांवर. या ना पाहायले.” बोलणं अस्सल वैदर्भी झालं होतं, मास्टरमोशायचा सर झाला होता.

गेलो. कोल्हापूरला रेसिंगचं वेड जुनं. मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे, देशपातळीवरच्या शर्यती तिथे झालेल्या आहेत. कार्ट म्हणजे जमिनीला टेकेल की काय अशी बुटकी, छप्पर नसलेली गाडी. तिच्या बाजूला रोटॅक्स मॅक्स नावाचं ऑस्ट्रियन इंजिन. १२५ सीसी, तेही टू-स्ट्रोक, आणि पेट्रोलमध्ये ऑइलही मिसळलेलं! पण ताकद माझ्या राजदूतच्या तिपटीहून जास्त.

त्या दिवशी नुसता सराव होता. एका मुलाची कार्ट माझ्या या विद्यार्थ्याच्या ताब्यात होती. त्याने मला आधी नियम सांगितले. या वर्गात सगळ्यांना एकसारखंच इंजिन, आणि त्यावर नंबराचं सील. सील तुटलं की गाडी शर्यतीतून बाद. आत कानस फिरवायची नाही, काही कोरायचं नाही. बिघडलं तर कंपनीने नेमलेल्या केंद्रातच उघडायचं आणि तिथेच पुन्हा सील करून घ्यायचं.

“मग तुझ्या हातात काय राहिलं?” मी विचारलं.

त्याने एक डबी उघडली. आत ओळीने पितळी जेट. प्रत्येकावर नंबर. १६२ म्हणजे भोक १.६२ मिलिमीटर, १६५ म्हणजे १.६५. जेट कार्बोरेटरच्या कंपनीचेच हवेत, पण त्यातला कोणता लावायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. शिवाय कार्बोरेटरमध्ये एक सुई असते, तिला खाचा असतात. क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि मधल्या वेगाला पेट्रोल वाढतं. मिश्रणाच्या बाबतीत मोकळीक म्हणाल तर एवढीच.

त्याच्याकडे एक वही होती. तारीख, वेळ, तापमान, जेट, प्लगचा रंग. काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी, कॉफीसारखा तपकिरी म्हणजे जमलं. आकडे मराठी, शेरे बंगालीत. मी पानं उलटत होतो आणि तो समोर बसून माझ्याकडे पाहत होता, वही तपासायला दिल्यासारखा.

सकाळी १६८ लावला होता. दुपारी ऊन चढल्यावर इंजिनाचा आवाज बुडबुडल्यासारखा झाला. मी आपला अंदाज केला, “गरम होतंय, आता मोठा जेट लावायचा ना?”

“नाही सर, लहान. हवा तापली का पातळ होते. तेवढ्याच जागेत हवा कमी मावते. मग पेट्रोलही कमीच पायजे ना?” आणि थांबून, अगदी माझ्याच सुरात, “समजलं का?”

समप्रमाणाचं गणित होतं ते, सातवीचं.

त्याने १६२ लावला आणि कार्ट सुटली. दिवसातली सगळ्यात जलद फेरी त्याच जेटवर आली. मुलाचे वडील खूश. पण चारच्या सुमारास पश्चिमेकडून काळं झालं, वारा सुटला आणि वळवाची एक सर येऊन गेली. हवा एकदम गार. ट्रॅक वाळल्यावर शेवटचा सराव होता. याने पुन्हा डबी उघडली.

वडील म्हणाले, “असू दे ना तोच. बेस्ट टाइम त्याच्यावरच आलाय.”

गार हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं. लहान जेट ठेवला तर पेट्रोल कमी पडणार, आणि पेट्रोलबरोबर येणारं वंगणही कमी पडणार. गाडी दोन फेऱ्या सुसाट पळेल आणि मग कदाचित लांब सरळ पट्ट्यावर पिस्टन धरेल. मागे एका ठिकाणी मालकाचं ऐकून त्याने असाच लहान जेट राहू दिला होता. इंजिन धरलं आणि खर्च याच्या पगारातून कापला गेला. हे त्याने मला नंतर सांगितलं. त्या वेळी तो वडिलांना फक्त एवढंच म्हणाला, “नाही साहेब, मी लावणार नाही,” आणि १६८ बसवला.

मुलगा दुपारच्या वेळेपेक्षा दोन-तीन दशांश सेकंदांनी मागे राहिला. वडील गाडीत सामान भरेपर्यंत याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. इंजिन धरलं नाही. लहान जेट ठेवला असता तर धरलंच असतं का, हे कोण सांगणार? ट्रॅक नुकताच वाळला होता, त्यानेही वेग कमी झाला असेल. याच्याजवळ दाखवायला पुरावा काही नव्हता, फक्त वहीतली एक ओळ वाढली. प्लग मात्र त्याने मला दाखवला. तपकिरी होता.

संध्याकाळी ट्रॅकबाहेरच्या टपरीवर चहा घेतला. अठ्ठ्याऐंशी सालच्या त्या निकालाबद्दल, त्याच्या बापाला मी जे सांगितलं त्याबद्दल बोलायचं मी मुलचेऱ्याहून ठरवून आलो होतो. वाक्यसुद्धा तयार होतं. ते काही तोंडातून निघेना. मग मी ब्रेकच्या तारेचा विषय काढला. “तुला आठवतं? तू नको म्हणाला होतास.”

तो हसला. “भोक किती मोठं झालं होतं सर! मी मोजलं होतं नंतर, सुई घालून.”

चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत. बसस्टँडवर सोडायला आला तेव्हा खिडकीशी उभा राहून म्हणाला, “सर, ऊन वाढलं का?”

“लहान,” मी म्हणालो.

“आन् पाऊस येऊन गेला का?”

मला क्षणभर विचार करावा लागला. तेवढ्यात बस सुटली, म्हणून उत्तर मी खिडकीतून ओरडून दिलं.