अंश कुठे संपतो?

सोमवार, ८ जुलै २०२४
घटक चाचणीची प्रश्नपत्रिका टाइप करायला घेतली. मेनूतून अपूर्णांकाची चौकट शोधा, तिच्यात वर्गमुळाची, तिच्यात घातांकाची. एवढ्यात प्रश्नावरचं लक्षच उडतं. म्हणून हात कीबोर्डवरच ठेवले. वर्डमध्ये आल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकत्र दाबलं की समीकरणाची जागा उघडते. बी, टोपीचं चिन्ह, २ आणि स्पेस. २ घातांकाच्या जागी जातो. उलटी तिरपी रेघ, पुढे ‘एसक्यूआरटी’ आणि स्पेस. वर्गमुळाचं चिन्ह येतं. अंश कंसात, मग तिरपी रेघ, छेद, स्पेस. आडवी रेघ उमटते आणि अंशाचे कंस निघून जातात. वर्गसमीकरणाचं अख्खं सूत्र असं बोलता बोलता लिहून होतं.

बुधवार, १० जुलै
दहावीला संगणक कक्षात नेलं. फळ्यावर अपूर्णांक लिहिला : वर एक्स + १, खाली एक्स − १. बऱ्याच जणांनी टाइप केलं, एक्स + १/एक्स − १. म्हटलं, एक्सच्या जागी २ ठेवा. फळ्यावरच्या राशीचं उत्तर ३, पडद्यावरच्या राशीचं १.५! वहीत आडवी रेघच कंसाचं काम करते, त्यामुळे अंश कुठे संपतो हे मुलांना कधी सांगावंच लागत नाही. इथे ते ठरवावं लागतं. “सर, मग वर्गमुळाखाली किती घ्यायचं तेही कंसानंच सांगायचं?” एका मुलीनं विचारलं. राशीची रचना तिला दिसली होती. मला फार आनंद झाला.

शुक्रवार, १२ जुलै
रात्री संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांच्याविषयी वाचलं. १९७७ मध्ये त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी मुद्रितं आली, ती त्यांना पसंत पडली नाहीत. गणित सुबक छापता यावं म्हणून त्यांनी स्वतःच ‘टेक’ ही प्रणाली लिहिली. तिच्यातही सूत्र साध्या अक्षरांत, रचना सांगतच लिहायचं.

रविवार, १४ जुलै
ही रचना ऐकवताही येते. पुण्यात वाढलेले संगणकशास्त्रज्ञ टी. व्ही. रामन चौदाव्या वर्षी पूर्ण अंध झाले. पुढे कॉर्नेल विद्यापीठात १९९४ मध्ये त्यांनी पीएच.डी.साठी ‘अ‍ॅस्टर’ हे सॉफ्टवेअर घडवलं. टेकमध्ये लिहिलेलं गणित ते वाचून दाखवतं. अंश कुठे संपला हे मजकुरातच असतं, म्हणून ते शक्य होतं. सूत्राचा नुसता फोटो चिकटवला तर त्यात ही रचना नसतेच. अंध विद्यार्थ्यापुढे असा फोटो ठेवणं म्हणजे त्याला प्रश्नच न देणं. उद्याच्या विषय समितीच्या बैठकीत मागणी मांडणार आहे : यापुढे शाळेच्या एकाही प्रश्नपत्रिकेत समीकरणाचा फोटो नको, प्रत्येक समीकरण टाइप केलेलं हवं.