पाहून गेलेली माणसे

विकायला काढलेल्या वास्तूस एक प्रकारचे सार्वजनिक आयुष्य प्राप्त होते. ज्या शयनगृहात आजवर आप्तांखेरीज कोणाचे पाऊल पडले नव्हते, तेथे एखादा अपरिचित गृहस्थ, पादत्राणे दाराशी काढण्याचे सौजन्य तेवढे दाखवून, बोटाच्या पेराने भिंत वाजवीत ओल शोधतो. त्याची पत्नी ओट्यापाशी जाऊन नळ सोडते. आणि बरोबर आलेले वडीलधारे, चकार शब्द न काढता, मोबाइलमधील होकायंत्रावर उंबरठ्याची दिशा ताडून पाहतात. "घरी बोलून कळवतो" असे म्हणून सारी मंडळी जिना उतरतात. खारघरमधील आमच्या सदनिकेविषयी अद्याप कोणी काही कळविलेले नाही.

दलालाचे निदान एकच, "साहेब, भाव जरा खाली आणा." त्याचे अगदीच चुकते असे नाही, परंतु हा भाव मुळात आला कोठून, याचा विचार करू लागलो की तो विटासिमेंटातून आला नसून भविष्यकाळातून आला आहे, असे दिसते. बेलापूर ते पेंधर या मेट्रोची पायाभरणी 2011 साली झाली आणि गाडी धावली ती 17 नोव्हेंबर 2023 रोजी. मधल्या प्रदीर्घ काळात येथील प्रत्येक विक्रेत्याने आपल्या किमतीत मेट्रो धरली, आणि ती प्रत्यक्षात नसल्यामुळे तिची परीक्षा घेणे कोणासही शक्य झाले नाही. आता ती दर दिवशी धावते. म्हणूनच गिऱ्हाईक स्थानकापासून आमच्या दारापर्यंत स्वतः चालत येते, घाम पुसते आणि मनातल्या मनात काही रक्कम वजा करते. नवी मुंबई विमानतळाचेही तेच. 2018 मध्ये त्याची कोनशिला बसली, ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन आणि डिसेंबरात उड्डाणे. तोवर ज्या विमानांनी आमच्या भागाचे दर वर नेले ती सर्व न उडालेली विमाने होती. प्रतीक्षेला जितका भाव येतो तितका प्राप्तीला येत नाही, हे शहाणपण मला विक्रीच्या जाहिरातीने शिकविले.

किमतीवर एकमत होण्याची चिन्हे दिसू लागली की कागद निघतात. दस्तात आमचा पत्ता 'मौजे खारघर, तालुका पनवेल, जिल्हा रायगड' असा येतो, आणि ते वाचताना पांडवकडा धबधब्याच्या पायथ्याची भातखाचरे क्षणभर पुन्हा उगवून येतात. ती जमीन संपादित करणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने ती पुढे कोणास कायमची विकली नाही. साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. म्हणजे मी जी मालकी मोठ्या अभिमानाने विकावयास निघालो आहे, तिच्याखालची भूमी माझी नाहीच, आणि हस्तांतरणास सिडकोची अनुमती व तिचे शुल्क आलेच. म्हणूनच जाणता खरेदीदार प्रथम विचारतो, "प्लॉट टेंडरचा की साडेबारा टक्क्यांचा?" 1984 च्या जानेवारीत जासई परिसरातील भूसंपादनविरोधी आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, त्या लढ्याच्या रेट्यातून पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळण्याची योजना आली. आज दिवाणखान्यात चहा घेता घेता तोच आकडा उच्चारला जातो तो केवळ वारसांची संमती पुरी आहे की नाही, या शंकेपोटी. मला हे ऐकताना संकोच वाटतो, पण शंका रास्त असते.

नळ सोडणाऱ्या बाईंचेही मला कधी चुकीचे वाटले नाही. पावसाळ्यात समोरच्या डोंगरावरून पांढरे प्रपात कोसळताना दिसतात आणि उन्हाळ्यात त्याच डोंगराखाली टँकरची वाट पाहावी लागते, ही या गावाची जुनी विसंगती आहे. शेजारच्या नवी मुंबई महापालिकेपाशी स्वतःचे मोरबे धरण आहे. आम्ही सिडकोमार्फत हेटवणे धरणाकडे डोळे लावून बसतो. त्यातून 1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि काही वर्षांनी त्या दिवसापासूनच्या मालमत्ताकराची बिले एकदम हाती पडली, तेव्हा सिडकोस सेवाशुल्क भरीत आलेल्यांनी दुहेरी आकारणीची फिर्याद मांडली. ती थकबाकी कोणी भरावी, यावर आमच्याकडे एक बैठक मोडली आहे. रात्री वारा फिरला की तळोजा औद्योगिक वसाहतीचा दर्प येतो. याबाबत मात्र मी भाग्यवान, कारण घरे पाहावयास मंडळी सकाळी येतात.

नव्या इमारतींशी स्पर्धा आहेच, तिचे विशेष दुःख मला नाही. दुःख आहे ते एका प्रश्नाचे, जो सगळे पाहून झाल्यावर, अगदी सहज विचारल्यासारखा येतो: "पण तुम्ही का विकताय?" पुण्यास मुलाजवळ राहावयास जायचे आहे, हे माझे उत्तर अक्षरशः खरे आहे, तथापि ते उच्चारताच समोरच्या चेहऱ्यावर असा एक समंजस अविश्वास पसरतो की माझे मलाच ते बनावट वाटू लागते. मग त्यांची दृष्टी छताच्या कोपऱ्याकडे, शेजाऱ्याच्या दाराकडे, माझ्या प्रकृतीकडे वळते. दलालास मी ही अडचण सांगितली. तो अनुभवी माणूस, क्षणभर विचार करून म्हणाला, "पुणे नका सांगू, साहेब. कॅनडा सांगा. लोकांना ते पटतं."