कानातला कापूस

मी जळगावला डाळ मिलमधे कामाला. तुरीची पोती वाहायची, दिवस बुडाला की चुनीचा धुरळा अंगावर घेऊन खोलीवर यायचं. शिक्षण नववी नापास. कविता रात्री. १४ एप्रिलला मात्र खाडा करून गावी जायचंच. गाव धुळ्याजवळ, पांझरेच्या काठचं.

गेल्या जयंतीला मी मंडळाचा खजिनदार. वर्गणीतले निम्म्याच्या वर पैसे डीजेवाल्याला दिले, माझ्याच हातानं मोजून. त्याच्यापुढं बेभान नाचलो. रात्री घरी आलो तर आजी खाटेवर बसलेली. अंगावर ठेवणीतलं पांढरं लुगडं. सकाळपास्नं नेसून बसली होती, वंदनेला न्यायला कुणी येईल म्हणून. कुणीच गेलं नाही. संध्याकाळी भिंती हादरायला लागल्या तेव्हा तिनं कानात कापसाचे बोळे कोंबले. ते अजून तसेच होते.

मी बोळे काढले. म्हणालो, "आजी, हाक मारायची ना."

"कोन्हले मारू? तुमले ऐकू येत व्हतं का?"

मित्रांनो, मला उत्तर सुचलं नाही.

ही म्हातारी कोण? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली तेव्हा ती १० वर्षांची. त्यानंतर तिच्या बापानं घरातले देव टोपलीत घातले आन् पांझरेत सोडले. टोपली हिच्या डोक्यावर होती. गावानं गिरणीवर दळण बंद केलं. मग आमच्या बाया जात्यावर दळायच्या आन् दळता दळता भीमाची गाणी रचायच्या. पुढं जयंतीला बैलगाडीत फोटो ठेवून, तीच गाणी म्हणत मिरवणूक निघायची. आजी गाडीच्या पुढं असायची. आता तिथं स्पीकरची भिंत असते, आन् आजी घरात.

बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याच्या कोर्टात आले होते. ३१ जुलै १९३७ ला ते लळिंगच्या लांडोर बंगल्यात मुक्कामाला होते. दरवर्षी त्या तारखेला आपली माणसं तिथं जमतात. आम्ही टेम्पोतून घोषणा देत जायचो आन् आजी दारातून हात करायची. औंदा मी म्हणालो, चल.

"मन्हा पाय चालतस नही. तुम्ही जा."

रिक्षा केली. गर्दीत रिक्षा पुढं जाईना तिथून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून आम्ही चौघांनी तिला उचललं. वरून पाऊस, खाली चिखल. माझ्या मनात होतं, तिथं नेऊन बसवू, एक फोटो काढू, झालं. पण खुर्ची टेकली तशी ती माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. मेणबत्ती मागितली. त्रिशरण, पंचशील तोंडपाठ म्हणाली. आम्ही चळवळीतली पोरं मधेच अडखळलो.

मग एका पोरानं तिला त्या टोपलीचं विचारलं. ती म्हणाली, देव सोडून आलो आन् मला ताप चढला. वाटलं, देव कोपले, आता मी मरणार. बापाला सांगितलं नाही, त्याला वाईट वाटंल म्हणून. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तवा कळलं, ताप नुसताच ताप होता.

बावीस प्रतिज्ञा मला पाठ आहेत. पण त्या दोन रात्रींबद्दल मी कुठल्याच भाषणात ऐकलं नव्हतं. घरातसुद्धा नाही, कारण मी विचारलंच नव्हतं.

म्हाताऱ्यांना सत्काराची शाल देऊन कोपऱ्यात बसवू नका. वंदनेची पहिली मेणबत्ती त्यांच्या हातात द्या. त्यांच्या दारापुढं डीजे बंद ठेवा. अर्धा तास त्यांना बोलू द्या, नाहीतर गाऊ द्या.

पुढच्या जयंतीच्या वहीत पहिल्या पानावर मी वर्गणी लिहिणार नाही. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांची नावं लिहिणार. आन् प्रत्येक नावापुढं, त्यांना आणायला कोण जाणार त्याचं नाव.

आजीच्या नावापुढं माझं लिहून झालंय.

जयभीम.