टाइल्स किती आणायच्या?

सध्या पोस्टिंग बजबजला आहे. हुगळीचा काठ, तेलाच्या टाक्या, ज्यूट मिला. 29 सप्टेंबर 1914 रोजी कोमागाता मारू जहाजातून परतलेल्या प्रवाशांवर इथंच गोळीबार झाला. आता स्टेशनच्या नावातही ते जहाज आहे. इथल्या जुन्या घरांतली लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन पाहिली की गावची मधली खोली आठवते. ती अजून शेणानं सारवलेली आहे आणि आईचे गुडघे आता सारवायला वाकत नाहीत. येत्या सुट्टीत तिथं टाइल्स बसवायच्या ठरल्यात.

आमची सुट्टी मोजून मिळते. चार टाइल्स कमी पडल्या, तर गवंडी दुसऱ्या कामावर जातो आणि आपण अर्धी खोली उघडी टाकून गाडी पकडतो. म्हणून हिशेब इथूनच मांडला.

धाकट्यानं माप फोनवर सांगितलं: 12 बाय 10, म्हणजे 120 चौरस फूट. जुन्या मातीच्या भिंती सरळ नसतात, म्हणून दोन्ही टोकांना टेप लावून मोठं माप धरायला सांगितलं. दोन बाय दोनच्या टाइल्स 30 लागतील, असं कुणीही पटकन म्हणेल. पण दुकानातली 'दोन बाय दोन' असते 600 मिलीमीटरची, म्हणजे साधारण 3.87 चौरस फूट. त्यामुळे नग झाले 31.

मग स्कर्टिंग. खोलीचा घेर 44 फूट, दाराचे 3 वजा, राहिले 41. एका टाइलमधून चार इंची पाच पट्ट्या धरल्या, तर 21 पट्ट्यांना 5 टाइल्स. एकूण 36. कापाकापी आणि फुटतुटीसाठी दहा टक्के धरले की 40. पेटीत चार, म्हणजे 10 पेट्या.

मित्रांनो, पेट्या एकदमच घ्या आणि सगळ्यांवरचा बॅच व शेड नंबर जुळवून बघा. नंतर आणलेला माल रंगात उठून दिसतो. उरलेल्या दोन-तीन टाइल्स परत करू नका, माळ्यावर ठेवा. पुढं एखादी तडकली तर तीच शेड मिळेलच असं नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर चकचकीत नको, मॅट घ्या. ओल्या पायाला धर राहतो.

आईला हा सगळा हिशेब फोनवर सांगितला. ती म्हणाली, "अंगण तरी राहू दे रे शेणाचं."

म्हटलं, अंगण हिशेबात धरलंच नाही. सुट्टीभर ते मीच सारवीन.