पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरचं इन्सुलिन

लाकडी पेटीत उभ्या रचलेल्या पुठ्ठ्याच्या अरुंद पट्ट्या. प्रत्येकीवर साइन किंवा कोसाइनच्या आकड्यांची एक ओळ. हव्या त्या पट्ट्या उपसायच्या, एकीखाली एक मांडायच्या, उभ्या बेरजा करून कागदावर उतरवायच्या आणि पट्ट्या पुन्हा जागच्या जागी ठेवायच्या. एखादी भलत्या खणात गेली की पुढच्या माणसाच्या गणिताची वाट लागली. बीव्हर्स आणि लिप्सन यांच्या या पेट्या १९३०च्या दशकापासून स्फटिकशास्त्राच्या प्रयोगशाळांत दिसत. लॉग टेबलांची पानं उलटत शिकलेल्या आमच्या पिढीला यात नवल वाटत नाही. आजच्या विद्यार्थ्याला सांगितलं, की पेनिसिलिनची रचना अशाच आकडेमोडीतून उलगडली, तर तो आपल्याकडे दयेने पाहतो.

ती उलगडली डोरोथी हॉजकिन यांनी. जन्म १९१० सालचा, कैरोचा. इंग्लंडच्या शाळेत मुलांसाठी असलेल्या रसायनशास्त्राच्या वर्गात ज्या दोन मुलींना बसू दिलं, त्यांतल्या या एक. केंब्रिजला जे. डी. बर्नाल यांच्याकडे काम करताना १९३४मध्ये पेप्सिनच्या ओल्या स्फटिकाचं क्ष-किरण छायाचित्र निघालं आणि प्रथिनांनाही अणूंची शिस्तशीर मांडणी असते हे दिसलं. त्याच वर्षी, चोविसाव्या वर्षी, संधिवाताचं निदान झालं. बोटं पुढे आयुष्यभर वाकडी होत गेली.

केंब्रिजहून त्या ऑक्सफर्डला आल्या. प्रयोगशाळा कुठे, तर विद्यापीठाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात, तळघराच्या पातळीवर. उजेड हवा म्हणून सूक्ष्मदर्शक उंच गॉथिक खिडकीजवळच्या माळ्यावर ठेवलेला. तिथे पोचायला शिडीवजा जिना. काचेवर मिठाच्या कणाएवढा स्फटिक, दुखऱ्या बोटांनी तो सांभाळत बाई वर चढायच्या आणि उतरायच्या. इन्सुलिनचं पहिलं छायाचित्र १९३५मध्ये इथेच निघालं. फिल्म धुतल्यावर त्यावर ठिपके उमटलेले पाहून त्या इतक्या हरखल्या, की रात्रीच्या ऑक्सफर्डमध्ये रस्तोरस्ती भटकत राहिल्या.

ठिपके मिळाले म्हणजे रचना मिळाली असं मात्र नव्हे. प्रत्येक ठिपक्याचा गडदपणा डोळ्यांनी, नमुन्याच्या पट्टीशी ताडून मोजायचा. असे हजारो ठिपके. त्यावर पंचाईत अशी, की फिल्मवर लहरींची तीव्रता उमटते, कला (फेज) उमटत नाही. ती वेगळ्या युक्तीने हुडकावी लागते. पेनिसिलिनचं काम युद्धकाळात चाललं आणि १९४५मध्ये पुरं झालं. जीवनसत्त्व बी-१२च्या लाल स्फटिकांवरचं काम १९४८मध्ये सुरू झालं, ते आठ वर्षं पुरलं. इन्सुलिनने तर चौतीस वर्षं वाट पाहायला लावली. १९६९मध्ये ५१ अमिनो आम्लांची ती रचना हाती आली, तेव्हा बाई एकोणसाठ वर्षांच्या होत्या. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत एम. विजयन हे भारतीय नाव आहे. त्यांनीच पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राचा पाया घातला.

आता त्याच ऑक्सफर्डशायरमध्ये, हारवेलला, डायमंड लाइट सोर्स हे क्ष-किरण पुरवणारं सिंक्रोट्रॉन आहे. गोठवलेला स्फटिक यंत्रमानवाचा हात उचलतो, डिटेक्टर काही मिनिटांत सगळे ठिपके मोजून मोकळा होतो आणि संशोधक घरच्या पडद्यावर पाहत बसतो. आपल्याकडे इंदूरच्या इंडस-२वरही प्रथिनांच्या स्फटिकांसाठी स्वतंत्र किरणरेषा आहे. संगणकावरचं अल्फाफोल्ड तर स्फटिकही मागत नाही. अमिनो आम्लांचा क्रम द्या, रचनेचा अंदाज घ्या. त्या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

इथे माझ्यातला म्हातारा सुस्कारा टाकू पाहतो: पट्ट्या गेल्या, हाताचं काम गेलं! पण बाईंच्या नावाने हा सुस्कारा टाकता येत नाही. पेनिसिलिनच्या वेळी पंचकार्डांची यंत्रं मिळाली, ती त्यांनी लगेच वापरली. बी-१२साठी लॉस एंजेलिसच्या केनेथ ट्रूब्लड यांनी तिथल्या ‘स्वॅक’ संगणकावर गणितं केली. आकडे अटलांटिकपार टपालाने जात-येत. ऑक्सफर्डमध्ये संगणक आला, तर तोही राबवला. पट्ट्यांचा उमाळा आपल्याला येतो. त्यांना स्फटिकातला रेणू पाहायचा होता, आणि जे साधन तो लवकर दाखवील ते त्यांना हवं होतं.

शिवाय त्या काळातलं सगळंच परत यावं असं नाही. ऑक्सफर्डच्या रसायनशास्त्रज्ञांच्या अलेंबिक क्लबच्या बैठकांना त्यांना, बाई म्हणून, मज्जाव होता. १९६४चं नोबेल मिळालं तेव्हा वृत्तपत्रांना त्यांची पहिली ओळख गृहिणी म्हणून करून द्यावीशी वाटली. विज्ञानातलं नोबेल मिळवणारी दुसरी ब्रिटिश स्त्री अजून झालेली नाही, हे मथळे लिहिणाऱ्यांना कुणीतरी कळवायला हवं. अमेरिकेने १९५३मध्ये परिषदेसाठी व्हिसा नाकारला, कारण शांतता चळवळीशी संबंध. (त्यांच्याच हाताखाली शिकलेली मार्गारेट रॉबर्ट्स पुढे थॅचर होऊन पंतप्रधान झाली. गुरू डावीकडे, शिष्या उजवीकडे, तरी बोलणं चालू होतं.)

हरवलं असेल तर ते एकच: एका रेणूजवळ आयुष्य काढण्याची मुभा. चौतीस वर्षं एकाच प्रश्नाला अनुदान देईल अशी संस्था आज मला तरी दिसत नाही. आणि गंमत अशी, की अल्फाफोल्ड शिकलं ते प्रोटीन डेटा बँकेतल्या रचनांवरून. ही बँक १९७१मध्ये अवघ्या सात रचनांनिशी उघडली होती. हॉजकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी बारकाईने तपासलेलं डुकराचं इन्सुलिन तिथे ‘४ आयएनएस’ या क्रमांकाखाली आहे. फोनवरही उघडतं, पैसे पडत नाहीत. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, तर एकदा पाहाच.