मागच्या लग्नातलं अक्षर

किराणावाल्याचं साखरेचं पोतं एकाला नको झालं तर दुसऱ्याला चालतं. शिंप्याला आखूड झालेली बाही उसवून दोन बोटं सोडता येते, आत कापड ठेवलेलं असलं तर. माझ्याकडे पाचशे लग्नपत्रिका पडून राहिल्या, तर त्या खपवायला तोच नवरा, तीच नवरी, तोच मुहूर्त आणि तेच कार्यालय असलेलं दुसरं घर शोधावं लागेल.

साताऱ्यात आमचा लहानसा छापखाना आहे. वडिलांच्या वेळी ट्रेडल होतं, खिळे होते. आता एक संगणक, स्क्रीन प्रिंटिंगच्या चौकटी आणि कटिंग मशीन. त्या वैशाखात मरून कार्डावर सोनेरी शाईची पाचशे पत्रिकांची ऑर्डर होती. रात्रभर रॅकवर वाळवून सकाळी पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधत होतो, आणि अंगठा एका ओळीवर थांबला. ‘यांची नात’ या शब्दांच्या वर नवरीच्या आजोबांचं नाव, आणि नावाच्या आधी ‘कै.’. शेजारी आजींचं नाव, त्याआधी ‘श्रीमती’. आजोबा तर पंधरा दिवसांपूर्वी स्वतः दुकानात येऊन बसले होते. कार्डाचे नमुने बोटांत धरून, कानाशी वाजवून, जाड कागद त्यांनीच निवडला होता.

चूक कुठून आली ते शोधायला वेळ लागला नाही. नवी पत्रिका आम्ही कोऱ्या पानावर करत नाही. आधीच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडायची आणि नावं बदलायची. मजकूर व्हॉट्सॲपवर आलेला असला तरी श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये तो जसाच्या तसा उतरत नाही, जोडाक्षरांचा चिवडा होतो, म्हणून हातानं पुन्हा टाइप करायचा. मी आजोबांचं नाव टाइप केलं, आजींचं केलं. नावांच्या आधीची अक्षरं मागच्या घरातली होती. तिथले आजोबा खरंच गेलेले होते.

वडिलांच्या खिळ्यांच्या काळात हे घडलं नसतं. तेव्हा चुका कमी होत असं मुळीच नाही. उलटा खिळा, तुटकी वेलांटी, सगळं होतं. मुद्राराक्षस तेव्हाही जेवायला येतच असे. पण खिळे मोजके असत. एक लग्न छापून झालं की जुळणी सोडून प्रत्येक अक्षर आपापल्या घरात परत टाकावं लागे, त्याशिवाय दुसऱ्या लग्नाला ‘क’ पुरत नसे. मागचं लग्न मोडल्याशिवाय पुढचं उभं राहत नव्हतं. संगणक काहीच मोडत नाही. सगळी लग्नं तो पोटात घेऊन बसतो.

नवरीच्या वडिलांनी प्रूफवर सही केली होती. माझ्यासमोर उभं राहून त्यांनी मुलीचं नाव पाहिलं, जावयाची डिग्री पाहिली, मुहूर्त 12.37 आहे ना ते दोनदा पाहिलं. स्वतःच्या बापाच्या नावावर त्यांची नजर थांबलीच नाही. ओळखीच्या नावाला माणूस वाचत नाही, नमस्कार करून पुढं जातो. तो सहीचा कागद माझ्या खणात होता. खोटं कशाला बोलू, स्कूटर काढण्यापूर्वी मी खण उघडला. सही पाहिली आणि खण पुन्हा लावला. हा कागद हातात घेऊन त्या घरात शिरणं म्हणजे भांडायला जाणं होतं. फोनही केला नाही. असली गोष्ट फोनवर सांगितली की समोरच्याला राग धरायला जागा मिळत नाही, आणि तो साठत जातो.

घरी गेल्यावर कळलं, पाच पत्रिका आदल्या संध्याकाळीच ओल्या शाईनिशी नेल्या होत्या, त्यातली एक गणपतीपुढे होती आणि एक भाच्याच्या गाडीतून जोतिबाला पोचलीसुद्धा होती. मुलीचे वडील एवढंच म्हणाले, “अहो, काय केलंत हे!” आजोबा हसले. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, असं म्हणाले. मला हायसं वाटलं. ते घाईचं होतं.

आजींनी चष्मा लावला. पत्रिका जवळ धरली. आजोबांच्या नावाकडे त्यांनी पाहिलंच नाही. स्वतःच्या नावाआधीच्या ‘श्रीमती’वर बोट ठेवून त्या हळूहळू घासत राहिल्या, पुसलं तर पुसलं जाईल अशा. कपाळावर त्यांचं रुपयाएवढं कुंकू. घरात कुणी बोलेना.

1831 साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत मराठी पंचांग छापलं, तेव्हा शाईत चरबी असते म्हणून लोक छापील पोथीला शिवत नसत आणि त्यांनी तुपाची शाई केली, अशी हकीकत आमच्या धंद्यात सांगतात. लहानपणी त्या लोकांचं हसू यायचं. त्या दिवशी आजींचं बोट पाहताना आलं नाही. हातानं लिहिलेली चूक ही चूक असते. छापलेली चूक मात्र बातमी होते.

शेवटी मीच म्हणालो, परवा सकाळी नव्या आणून देतो, पण जोतिबाला गेलेली ती... आजी म्हणाल्या, “देवाला ठावं हाय कोण हाय नि कोण न्हाई. माणसांत नको जायला.”

कार्ड अठरा रुपयांचं. पुन्हा छापायला कागद घेतला, दोन रात्री जागलो. लग्नानंतर मुलीचे वडील आले आणि सहीची आठवण त्यांनीच काढली. निम्मे पैसे द्यायला लागले. मी नको नको म्हणत कागदापुरते घेतले. घ्यायला नको होते असं अजून अधूनमधून वाटतं. पण त्या महिन्यात शाळेची फी होती.

आता प्रूफ मी घरच्या कर्त्या पुरुषाला दाखवत नाही. आत्याला बोलवा म्हणतो. ती मानपानाच्या डोळ्यांनी वाचते. कुणाचं नाव कुणाच्या खाली गेलं, कोण ‘सौ.’ आणि कोण नुसतीच, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. एका आत्यानं चौदा चुका काढल्या, त्यातल्या अकरा चुकाच नव्हत्या. ते चालतं.

त्या पाचशे पत्रिका रद्दीत घालता येईनात. वरती गणपती, मधे ती ओळ. पत्रिका दिल्या त्याच रात्री कटिंग मशीनवर आधी गणपतीच्या पट्ट्या कापून वेगळ्या बांधल्या. मग ती ओळ, पन्नास-पन्नासच्या थप्पीनं, दहा वेळा पातं खाली आणून. उरलेल्या कागदाच्या पाठीवर हिशेब लिहायला चिठ्ठ्या झाल्या. फार उशीर झाला होता, पातं पुसायचं राहिलं. सकाळी एका बारशाची कार्डं त्याच मशीनवर कापली, तर सगळ्या गठ्ठ्याच्या कडेला बारीक सोनेरी रेघ उमटली होती. बाळाच्या बापाला ती आवडली. जादा पैसे पडतील का, त्यानं विचारलं.